रेघेपर्यंत पाणी

३ मार्च, मंगळवार

सकाळी वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, घुंई गेली." चेहरा असा की मला वाटलं नात्यातलं कोणीतरी गेलं.

घुंई म्हणजे दादाचं यंत्र. खोक्यावर 'अल्ट्रासॉनिक क्लीनर' असं भारदस्त नाव होतं, पण ते चालू असताना घुंई करतं म्हणून घरात घुंईच. वीतभर स्टीलची टाकी आहे. तिच्यात रेघेपर्यंत पाणी घालायचं, घड्याळाचे सुटे भाग जाळीच्या टोपलीत ठेवून बुडवायचे आणि बटण दाबायचं. पाणी बारीक बारीक थरथरतं आणि चाकांच्या दात्यांत वर्षानुवर्षं वाळून बसलेलं तेल सुटून येतं. दादा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, त्यातली एकोणीस घुंईच्या जिवावर.

मी म्हटलं, आण इकडे, बघते. वहिनी म्हणाली, "तेच सांगायला आले. हे म्हणालेत, जमलं तर बघा, नाही तर आता दुकान बंद. तुम्हालाच हवं होतं म्हणाले." एवढं बोलून गेली आत. म्हणजे तो स्वतः येऊन सांगणार नाही.

हे दिवाणखान्यातलं फळीचं पार्टिशन, एका बाजूला माझं मिक्सर-इस्त्र्यांचं टेबल, दुसऱ्या बाजूला त्याचं घड्याळांचं, असा आमचा संसार अकरा वर्षं मजेत चालला होता. जानेवारीत तो उठून आतल्या खोलीत गेला. का, तर तिथे उजेड चांगला. त्या खोलीला एक खिडकी आहे, ती शेजारच्यांच्या भिंतीला तोंड करून! उजेड कसला, मला टाळायचं होतं, एवढंच.

बावीस वर्षं नोकरी केली त्या टीव्हीच्या कारखान्यातून निघताना मी एक कोरी दोषवही उचलून आणली होती. लक्षण, कारण, उपाय, असे तीन रकाने. तिच्यातच हे लिहितेय. मनातलं लिहायला रकाने पुरत नाहीत, म्हणून आडवं लिहितेय.

लक्षण: चालू होत नाही. फ्यूज काळा.

४ मार्च, बुधवार

घुंईचं पोट उघडलं. आत धूळ, एक मेलेलं झुरळ आणि जळलेला ट्रान्झिस्टर. अंगठ्याच्या नखाएवढा काळा तुकडा, तीन पाय. हाच सेकंदाला चाळीस हजार वेळा वीज चालू-बंद करतो म्हणून पाणी थरथरतं. तो गेला की घुंई म्हणजे नुसतं भांडं.

बदलायला काय, दहा मिनिटांचं काम. पण नंबर बघायला गेले तर तो कानशीने घासून टाकलेला. बनवणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. दुसऱ्याने नक्कल करू नये म्हणून नंबरच खरवडून टाकायचा. अरे, पण दुरुस्त करणाऱ्याने काय पत्रिका बघायची का त्याची?

दुपारी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांचं जादाचं नवं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. चकचकीत, बटणं नाहीतच, सगळी काच, काचेवर आकडे उमटतात. दादासमोर ठेवलं. त्याने काचेवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं आणि म्हणाला, "नको. हे बोटाला लागत नाही. माझं मला दे." नव्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. हट्टी. वडलांवर गेलाय.

आणि हे बोलताना बघत होता कपाटाकडे. चार महिने हेच चाललंय. नोव्हेंबरात सगळे जमले होते तेव्हा मी म्हटलं, आता घड्याळं कोण वापरतं, हे दुकान बंद कर आणि आराम कर. चारचौघांत बोलायला नको होतं, मान्य. पण त्यावर चार महिने माणसाकडे सरळ बघायचं नाही? मी बोलते इथे उभी राहून आणि हा उत्तर देतो भिंतीला.

७ मार्च, शनिवार

तीन दिवस डोकं खाल्लं या ट्रान्झिस्टरने. नंबर नाही तर नाही, म्हटलं त्याचं काम बघून ओळखू. किती दाब सोसतो, किती वीज वाहतो, कुठल्या पायावर काय येतं, सगळं कागदावर मांडलं. आणि एकदम हसूच आलं. अहो, हा तर आमचाच! जुन्या जाडजूड टीव्हीत पडद्यावर आडव्या रेघा ओढायला हाच असायचा. बावीस वर्षांत मी किती बसवले असतील याला गणती नाही. घासलेल्या तोंडाचा, तरी ओळखीचा निघाला.

उत्साहाने आत सांगायला गेले तर दार लोटलेलं. आतून दादाचा आवाज, "डावीकडचा. तो नाही, त्याच्या खालचा. हां. आता सोड." काय आवरत होते कोण जाणे. हल्ली दोघं दिवसभर त्या खोलीत दार लोटून. पासष्टी ओलांडल्यावर बायकोशी एवढं काय गुलुगुलु बोलायचं असतं? वहिनी माझ्याकडे चहाला म्हणून बसायची, तेही बंद. आली तरी डोळे चोळत येते. मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून ये. "हो, दाखवायचंय खरं," म्हणाली.

९ मार्च, सोमवार

पार्टवाल्या आजोबांकडे गेले. जिन्याखालची त्यांची खोली, बिस्किटांचे डबे छतापर्यंत, आणि प्रत्येक डब्यात काय आहे हे फक्त त्यांच्या डोक्यात. नंबर सांगितला. म्हणाले, "हा आता कुठे मिळतो? टीव्ही गेले, तोही गेला." मग स्टुलावर चढले, पाच डबे उतरवले आणि सहाव्यातून एक काढला. एकच. "खरा आहे," म्हणाले, "अस्सल. सांभाळून वापरा."

घरी येऊन बसवला. रेघेपर्यंत पाणी घातलं, बटण दाबलं. घुंई! पाण्यावर काय सुरेख बारीक जाळी उमटली. अर्धा तास चालवली, तापमान बघितलं, सगळं चोख.

आत नेऊन दिली. दादाने दोन्ही हातांनी टाकी चाचपली, बटण दाबून आवाज ऐकला. चेहरा असा उजळला की मला नोव्हेंबर विसरायला झालं. "ठिणगे, जमवलंस की," म्हणाला. लहानपणी मी रेडिओ उघडून सगळ्या घराचा फ्यूज उडवला, तेव्हापासून मी ठिणगी. किती दिवसांनी हाक मारली त्या नावाने.

कपाटाकडे बघूनच मारली, पण असो.

१४ मार्च, शनिवार

गेली. पाच दिवसांत. तोच ट्रान्झिस्टर, तसाच जळलेला.

दादाला विचारलं, "पाणी रेघेपर्यंत घालतोस ना? कोरडी चालली तर जळते ही." तर म्हणाला, "एकोणीस वर्षं घालतोय." खरंच आहे, त्याला काय शिकवायचं?

कारण: बनावट माल. हल्ली बाजारात हेच चालतं. स्वस्तातला कमजोर तुकडा घ्यायचा, वर मोठ्याचा नंबर छापायचा. आजोबासुद्धा असं करतील असं वाटलं नव्हतं.

दादाला दुरुस्तीची नवी तारीख सांगायला गेले तर म्हणाला, "राहू दे आता. किती त्रास घेशील?" रागावला असता तर परवडलं असतं. मुख्याध्यापकबाईंच्या यजमानांचं घड्याळ खोलून ठेवलंय, झाकणाखाली एकशेवीस तुकडे. बाई महिनाअखेर लेकीकडे कायमच्या जाणार, त्याआधी हवंय त्यांना. मी म्हटलं, ब्रशने साफ करून दे की, पूर्वी करायचास. "पूर्वी करायचो," म्हणाला.

१६ मार्च, सोमवार

आज माझी चांगलीच जिरली.

तरातरा आजोबांकडे गेले, जळका ट्रान्झिस्टर त्यांच्या पुढ्यात आपटला आणि म्हटलं, "हेच का तुमचं अस्सल?" दोन गिऱ्हाइकं होती समोर, त्यांच्यादेखत. आजोबांनी पक्कड घेतली, तुकडा फोडला आणि भिंग माझ्या हातात दिलं. बनावट असता तर आतली चकती मोहरीएवढी निघाली असती. ही चांगली करंगळीच्या नखाएवढी होती, आणि बरोबर मध्यभागी जळून भोक पडलेलं. कडा शाबूत, मधलं गेलेलं.

"माल खरा आहे, बाई," म्हणाले. "कामाने मेलाय. यंत्र कोरडं चालतंय का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "माझा भाऊ घड्याळजी आहे. केसाएवढी स्प्रिंग सरळ करतो. त्याला टाकीतलं पाणी दिसत नाही का?"

"तसं असेल तर उत्तमच," म्हणाले आणि डबे लावायला लागले. दुसरा नाहीच म्हणाले, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हे हे आता मला माहीत आहे. येताना माफी मागायला हवी होती. तोंड उघडलं नाही. लाज वाटते लिहितानासुद्धा.

१७ मार्च, मंगळवार

दिवसभर नुसत्या येरझारा. शहरातल्या उरलेल्या तिन्ही दुकानांत फोन केले. एकाने तर विचारलं, "ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ हवाय का आजी?" आजी!

एक कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या पलंगासमोर. कारखाना बंद झाला तेव्हा आमच्या लाइनवरून उतरलेला शेवटचा संच मला दिला होता. मागचं झाकण काढलं की आतल्या बाजूला आम्ही अकराजणींच्या सह्या आहेत, सोल्डरच्या थेंबांनी टिपक्या टिपक्या काढून केलेल्या. त्यातल्या चारजणी आता नाहीत. संच अजून चालतो. चित्र हिरवट येतं, पण येतं.

वहिनीला म्हटलं, काढू का त्यातला? ती एकदम म्हणाली, "नको हो वन्सं, तुमचा जीव आहे त्यात." आणि लगेच पदर डोळ्यांना. माझ्या टीव्हीसाठी हिला एवढं रडायला काय झालं?

२० मार्च, शुक्रवार

काढला.

झाकण उघडलं, सह्या बघितल्या, "माफ करा गं बायांनो" म्हटलं आणि सोल्डरगन टेकवली. वितळून मोकळा व्हायला चार सेकंद लागले. इतकी वर्षं चिकटून होता.

पण या वेळी सावधपणे. आजोबांचं बोलणं कानातून जाईना. ते चुकलेत हे त्यांना दाखवायचं, म्हणून टाकीत एक तरंगती गोळी बसवली आणि तिला स्विच जोडला. पाणी रेघेखाली गेलं की घुंई आपोआप बंद आणि पिपाणी वाजणार. आता कोरडी चालणंच शक्य नाही. म्हणजे पुन्हा जळली तर दोष दुसरीकडे, आणि मी जाऊन तसं सांगणार.

दादाला समजावलं, "वाजली की पाणी घाल. थांबली की रेघ आली."

"म्हणजे बघायला नको?" त्याने विचारलं.

"नको."

"वा," म्हणाला, हळूच. मला वाटलं टोमणा मारतोय.

२२ मार्च, रविवार

पिपाणीने जीव नकोसा केलाय. काल दुपारपासून आज संध्याकाळपर्यंत नऊ वेळा वाजली. दर वेळी उठून जाते तोवर वहिनीने पाणी घातलेलं असतं आणि सगळं ठीक. माझी गोळीच अडकत असणार. बाहेर काढून तपासली. वीस वेळा बुडवली, वीस वेळा बरोबर.

आता माझ्याच हाताचा भरवसा वाटेना मला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि स्वतःची एक सापडत नाही. वय झालं की काय?

२३ मार्च, सोमवार

सगळं नीट लिहिते, जसं झालं तसं.

वहिनी सकाळी बहिणीकडे गेली, संध्याकाळी येणार होती. अकराच्या सुमाराला पिपाणी वाजायला लागली आणि थांबेचना. मी हातातली इस्त्री खाली ठेवली आणि तणतणत आत गेले. या वेळी दार वाजवलं नाही.

दादा टेबलापाशी उभा होता. हातात पाण्याचा तांब्या, मान एका बाजूला वळवलेली, कपाटाकडे. आणि तो पाणी ओतत होता. अर्धी धार टाकीत, अर्धी टाकीच्या कडेवरून टेबलावर आणि तिथून त्याच्या पायांवर. दुसऱ्या हाताने टाकीची कड चाचपत होता. पिपाणी वाजत होती आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी दारातच खिळले.

"दादा, बाहेर सांडतंय."

"माहितीये," म्हणाला. "पायाला लागतंय."

मी त्याच्या हातातून तांब्या घेतला, टाकी भरली. पिपाणी थांबली. मग त्या शांततेत दोघांनी काय करायचं ते कळेना, म्हणून मी फडकं आणून टेबल पुसलं. तो खुर्चीवर बसला.

"मधलं दिसत नाही," म्हणाला. "कडेचं दिसतं. जिथे बघावं तिथलं जातं आणि आजूबाजूचं राहतं. ऑक्टोबरपासून."

"डॉक्टर?"

"एकदा गेलो. दर महिन्याला या म्हणाले, डोळ्यात सुई देऊ, आहे ते टिकेल. मग नाही गेलो."

"आणि ही घड्याळं?" मी विचारलं. दोन गेल्या आठवड्यात देऊन झाली होती, चालू करून.

"तुझी वहिनी करते. मी सांगतो, ती चिमटा धरते. हात माझ्यापेक्षा चांगला आहे तिचा. तिला सांगू नकोस, चढून बसेल." हसायचा प्रयत्न केला. "टोपली बुडवायची, बटण दाबायचं, टोपली काढायची, एवढंच माझ्या हातचं उरलंय. तेही हिच्यामुळे." आणि घुंईवर हात ठेवला.

मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. मी ओरडलेच, "मला का नाही सांगितलंस? पार्टिशनच्या पलीकडे बसते मी, परदेशात नाही!"

तो म्हणाला, "तू म्हणालीस ना दुकान बंद कर. त्याच्या आधी महिनाभर मला कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तुझंच खरं झालं असतं."

तांब्या घासायला घेऊन गेले. स्वच्छच होता, तरी घासला.

२४ मार्च, मंगळवार

वहिनीला काल संध्याकाळी दारातच गाठलं. म्हटलं, मला कळलंय. ती पिशवीसकट खाली बसली आणि पोटभर रडली. पाच महिने शपथ घालून ठेवली होती तिला. मग डोळे पुसून पहिलं वाक्य काय बोलली, तर, "वन्सं, ते एकशेवीस तुकडे बघून माझी झोप उडलीय हो." मीही रडता रडता हसले. आता दोघी बसतो. ती चिमटा धरते, मी भिंग आणि दिवा धरते, दादा डोळे मिटून सांगतो. डोळे मिटूनच चांगलं सांगतो. कुठलं चाक कुठे, कुठला स्क्रू उलटा फिरतो, सगळं बोटांत आहे त्याच्या.

गोळीत सुधारणा केली. पाणी कमी असेल तर तुटक आवाज, भरत आलं की लांब, आणि रेघेला पोचलं की एकदम गप्प. तांब्या काढून टाकला. टाकीच्या कडेला अडकेल अशी नळी लावली, तोटी फिरवायची की झालं. एक थेंब बाहेर नाही.

त्याने पाच वेळा भरली, पाच वेळा रिकामी केली. खेळणं मिळाल्यासारखं.

२७ मार्च, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मधले पाच महिने वाया गेले म्हणाले. गेलेलं येणार नाही. डावा बराच गेलाय, उजव्यातलं आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. आजच सुई दिली. दादाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचे वळ उठलेत.

त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलंय, अशा माणसाला जग कसं दिसतं त्याचं. मध्ये काळपट डाग आणि भोवती सगळं नीट. मी बघत राहिले. आजोबांनी भिंगाखाली दाखवलेली चकती आठवली. कडा शाबूत, मधलं गेलेलं. हातात भिंग असून मला काही दिसलं नव्हतं.

येताना जिन्याखाली थांबले. आजोबांना म्हटलं, "तुमचा माल खरा होता. यंत्र कोरडंच चालत होतं. मी चुकले." त्यांनी कारण विचारलं नाही. "चहा घेणार?" म्हणाले. घेतला.

३० मार्च, सोमवार

मुख्याध्यापकबाई घड्याळ घेऊन गेल्या. कानाला लावून बराच वेळ उभ्या होत्या. "तुमच्या हाताला तोड नाही हो," दादाला म्हणाल्या. दादा म्हणाला, "तीन जोड्या हात आहेत आता." त्यांना काही कळलं नाही. वहिनी मात्र लाल झाली.

दादाचं टेबल पुन्हा पार्टिशनजवळ आणलं. पार्टिशनच काढून टाकलं, कशाला हवंय? टीव्ही बंद आहे, पण झाकण उघडं ठेवलंय, सह्या दिसतात.

दोषवहीची मागची पानं चाळली. चार महिने बघत नाही, भिंतीशी बोलतो, कपाटाशी बोलतो. किती वेळा लिहिलंय मी!

दुपारी जेवताना दादाने पुन्हा तसंच केलं. मी समोर बसले होते आणि त्याने मान वळवली खिडकीकडे, आणि तशीच धरून ठेवली.

"काय बघतोस रे तिकडे?" मी विचारलं.

"तुला," म्हणाला. "मान वळवली की दिसतेस. समोर बघितलं की जातेस." मग म्हणाला, "केस किती पिकलेत गं तुझे, ठिणगे. नोव्हेंबरपासूनच बघतोय."